पहिली कळशी

३ फेब्रुवारी १९५३, निर्मळ
पोचलो बुवा एकदाचा! मुंबईत ट्रामच्या हादऱ्यांनी चित्र हलतं, म्हणून संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक इथे केळीच्या वाडीतल्या बंगल्यात बसवला आहे. जनरेटर ठणठणीत, माणसं प्रेमळ, केळी पोटभर. पाण्याची आतली रचना टिपायची. महिनाअखेर एक तरी स्पष्ट फोटो दिला नाही, तर यंत्र दुसऱ्याकडे आणि माझी तीन वर्षं फुकट.

७ फेब्रुवारी
डोक्याला ताप नुसता! यंत्राच्या पोटात हवा नसते, थेंब ठेवला की उकळून नाहीसा. दोन पातळ, पारदर्शक पापुद्र्यांत कोंडावा तर पापुद्रे फुटतात. अकरा फुटले. त्यात पाणी गढूळ. पाणी भरणाऱ्या शकूबाई रोज पहाटेची पहिली कळशी परत विहिरीत ओततात. विहिरीचं विहिरीला, म्हणे. रात्रभर निवळलेलं पाणी ओतून द्यायचं? उद्यापासून पहिली कळशी माझी, असं ठणकावलं. त्या म्हणाल्या, तिचं पानी ठेवून घेतलं तर ती मागून घेते. नसतं खूळ! थेंबापुरतं काढून उरलेलं मीच पिणार.

१२ फेब्रुवारी
पापुद्रा टिकला! थेंब उकळलाच नाही. पण फोटोत रचना कसली डोंबलाची? गोल कडं, दगड रचल्यासारखं, मध्ये काळोख. घाण असणार. भांडी पुन्हा उकळली.

१६ फेब्रुवारी
परत तेच कडं. काठावर ठिपका. संस्थेला काय कळवू, विहिरीचा फोटो आला म्हणून? हात टेकले.

१९ फेब्रुवारी
ठिपका नव्हे, माणूस. वाकलेला. टक्कल माझंच. डाव्या खांद्यावर पंचा, तोही माझाच. मुंबईहून आणलेलं पाणी ठेवून पाहिलं, उकळून गेलं. पहिल्या कळशीचं ठेवलं— तोच माणूस, आणखी पुढे वाकलेला.

२२ फेब्रुवारी
शकूबाईंना फोटो दाखवले. त्या हसल्या नाहीत. जेवढं नेलं तेवढं ओता नि हात जोडा, म्हणाल्या. कळशी, बाटल्या, सगळं विहिरीत रिकामं केलं. सुटलो.

२३ फेब्रुवारी
खात्रीसाठी स्वतःची थुंकी ठेवली. उकळली नाही. कडं. माणूस. पाय काठावर नाहीत—

२४ फेब्रुवारी
घसा कोरडा. तळहातांतून पाणी ठिबकतं. ओघळ दाराकडे जातो, चढावरूनसुद्धा. शकूबाईंनी विचारलं, सगळं ओतलं ना? पंधरा दिवस प्यायलो, बाई! ते कसं ओतू—

२५ फेब्रुवारी
शेवटचा फोटो. कडं रिकामं, आत तरंग. इतका स्पष्ट! हाच हवा होता संस्थेला. ओघळामागून काठावर आलो, वही हातात. पंचा बंगल्यातच ठेवला होता मुद्दाम— खांद्यावर आहे. डाव्या. मी वाकणार नाही. नुसतं एकदा बघ—