रडायची तालीम

आई, आमच्या त्या सिनेमाबद्दल तुला एकदा नीट सांगायचं राहून गेलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता उठताना माझेही गुडघे तुझ्यासारखेच कुरकुरतात, तरी हा विषय मनात आला की जीभ जड होते. म्हणून लिहायला बसलोय.

दारूबंदी नुकतीच आली होती आणि खाडीतून दारूची पिंपं जातात असं वसईत जो तो कुजबुजत होता. त्यावरूनच आम्ही कॉलेजातल्या चौघांनी गोष्ट रचली. केळीचा एक व्यापारी ती पिंपं उतरताना पाहतो, त्याचा खून होतो, आणि खुनी निघतो त्याचाच भागीदार. गुप्तहेर होता माझा क्रिस्ती आळीतला मित्र. दिग्दर्शकही तोच, कारण कॅमेरा त्याच्या मामाचा. मामा मुंबईत स्टुडिओत कामाला होता, एका रविवारपुरता चावीचा कॅमेरा देणार होता आणि सोबत फिल्म जेमतेम. त्यामुळे मित्राचा हुकूमच होता की आधी सगळ्या प्रसंगांची कॅमेऱ्याशिवाय तालीम, चुका करायच्या त्या फुकटात करून घ्या. पांगाऱ्याच्या लाकडाचं पिस्तूल करून त्याला तुझ्या चुलीतली काजळी फासली होती. रक्त म्हणून आमसुलाचं पाणी, कारण चित्रात लाल काय नि काळं काय सारखंच दिसतं असं मामाने सांगितलेलं. चोरांचा अड्डा किल्ल्यात. सगळं जमलं आणि अडलं एका बाईपाशी. व्यापाऱ्याचं प्रेत घरी आणतात तेव्हा त्याची आई रडायला हवी. आमच्या सिनेमात येऊन रडायला वसईतली कुठली बाई तयार होणार होती?

प्रेत मीच होतो. मीच म्हणालो, माझी आई करेल. मित्र हसला, त्याला वाटलं मी फुशारकी मारतोय. पण खरं सांगू का, मला सिनेमा काढायचा होता त्याहून जास्त तुला त्यात घ्यायचं होतं. दादा गेल्यापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलायचीस. जेवलास का, झाडांना पाणी घातलंस का, संपलं. दादा मुंबईला काकांकडे राहून नोकरी करत होता, तापाने आजारी पडला, तेव्हा शहरात दंगल नि संचारबंदी, काकांनी तिथंच अग्नी दिला. निरोप घेऊन माणूस दारात उभा राहिला तेव्हा तू भाकऱ्या करत होतीस. 'बरं' म्हणालीस आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. आळीतल्या बायका तुझ्याबरोबर रडायला आल्या आणि तुला कोरडी बघून गोंधळून परत गेल्या. पुढे तुझ्यामागे काय काय बोलल्या ते मी ऐकलंय. मला त्यांचा राग यायचा आणि तुझाही यायचा.

तू वाळवून सुकेळी करायला केळी सोलत बसली होतीस तेव्हा मी विचारलं. तू म्हणालीस, "मला पाठबिठ काही व्हायचं नाही हं." मी म्हटलं, पाठ काही करायचं नाही, नुसतं रडायचं. "कुणासाठी?" माझ्यासाठी, मी मेलेला असतो. "जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" असं म्हणून तू दोन केळी सोललीस, आणि मग मान वर न करताच विचारलंस, "कधी करायचंय?" बाबा म्हणाले, घराचा तमाशा करा आता. पण अडवलं नाही त्यांनी.

तालमीच्या दिवशी दुपारी मी ओटीवर आडवा झालो आणि मित्राने माझ्या डोक्यावरून पांढरी चादर ओढली. आत गरम होतंय, चादरीला कपाटातल्या कडुनिंबाचा वास आहे, कुणीतरी खोकतंय. तू येतेस. मी हुंदक्याची वाट बघतोय आणि तू माझ्या पायाशी बसून तळवे चोळायला लागतेस. "पाय किती गार पडले रे," म्हणतेस. भर दुपारी माझे पाय तापलेले होते. मग तू दादाचं नाव घेतलंस. म्हणालीस, निघताना तुझ्या हातावर दही घालायचं राहिलं, गडबड होती ना. म्हणालीस, शेवटी पाणी मागत होतास म्हणे, कुणी दिलं की नाही ते मला कुणीच सांगितलं नाही. किती वेळ बोलत होतीस. तुला रडू फुटलं ते बोलता बोलताच, आणि ते आळीतल्या बायकांसारखं हेल काढून नव्हतं. मग उठलीस, वृंदावनातलं तुळशीचं पान आणि पळीभर पाणी घेऊन आलीस, आणि चादर फक्त ओठांपुरती वर करून माझ्या तोंडात घातलंस. मी गिळलं. शेजारची काकू ओरडली, "अगं, जित्या पोराला काय देतेस?" चादर काढली तेव्हा मित्राने गुप्तहेराची टोपी हातात घेतली होती आणि तो छातीवर क्रुसाची खूण करत होता. थोड्या वेळाने तो तुला म्हणाला, "मावशी, रविवारी अस्संच करायचं. काही बदलू नका." त्या सिनेमाला आवाज नव्हताच, तू काय बोललीस ते कुणाला कळणारही नव्हतं.

त्या संध्याकाळी तू माझ्याबरोबर जेवायला बसलीस आणि दादाच्या लहानपणीच्या खोड्या सांगत राहिलीस. तू हसलीससुद्धा. बाबा तुझ्याकडे बघतच राहिले.

रविवारी तू सकाळीच न्हालीस, इस्त्रीचं लुगडं नेसलीस आणि ओटी सारवून बसलीस. मी आळीच्या तोंडाशी जाऊन मित्राला गाठलं. कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. आईला झेपणार नाही, म्हटलं. तो चिडला आणि तसाच परत फिरला. प्रसंग गळला तसा सिनेमाही बारगळला. तुला मी सांगितलं की कॅमेऱ्याची चावी तुटली. तू विचारलंस, "मग दुरुस्त करून कधी आणतील?" पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलंस. मग कधीतरी विचारायचं थांबलीस, आणि आपण परत जेवलास का नि पाणी घातलंस का एवढ्यावर आलो.

काकूने आळीभर सांगितलं, पोराने आईला जपलं. बाबांनीही पाठीवर हात ठेवला. मित्र म्हातारपणी भेटला तेव्हा तोही हेच बोलला आणि मी मान डोलावली. हे पत्र टाकणार तरी कुठे, घडी करून कपाटात ठेवीन, म्हणून लिहून टाकतो. मी तुला जपलं नव्हतं. तू तेवढं सगळं बोललीस आणि चादरीखाली मी श्वास रोखून वाट बघत होतो की आता तरी एकदा माझं नाव घेशील. ते तू घेतलं नाहीस, म्हणून मी कॅमेरा परत पाठवला.