मागून येणारी हाक

ती. राघोमामांच्या पायांवर सापगावहून दिपेशचं डोकं. मामींचा गुडघा आता कसा आहे? मुरबाडकडे थंडी कशी आहे? इकडे आई बरी आहे, माझं विचारू नका.

मामा, तुम्ही बैलांचे दलाल. म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारात तुमच्या शेजारी उभं राहून मी सौदा शिकलो आणि तो कंपनीत वापरला. (दोष देत नाही. म्हणजे देतोय, पण आदराने.) एवढी मोठी कंपनी, लिफ्टमध्येसुद्धा गाणी लागतात, पण पगारवाढ मागायला वर्षातून एकदाच साहेबांपुढे बसायचं. आधी आपणच आपल्याला मार्क द्यायचे, मग साहेब ते कमी करतात. माझ्या हाताखाली शिकलेला आदेश टीम लीडर झाला आणि मी आहे तिथेच, म्हणून यंदा मागायचंच ठरवलं.

बाजारात तुम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवता, आकडा तोंडाने बोलायचा नाही, म्हणून मीही डब्याचा नॅपकिन टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घालून साहेबांच्या बोटांची वाट बघत बसलो. साहेबांना वाटलं, मला रडू येतंय. त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाले, कंपनीला तुझी किंमत आहे. किती, ते मात्र सांगेनात. मग तुमचा शेवटचा डाव टाकला. ‘राहू द्या मग’ म्हणून गळ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि चालू लागलो. मागे वळायचं नाही, हाक येतेच, असं तुम्हीच म्हणायचात. मी इतका सावकाश चाललो की झाडूवाल्या मावशी मला ओलांडून पुढे गेल्या. दारापर्यंत हाक नाही, लिफ्टपर्यंत नाही. गेटवर आली तेव्हा जीव भांड्यात पडला, पण ती वॉचमनची होती. कार्ड कुठाय, विचारत होता.

दुसऱ्या दिवशी मेल आला. माझा राजीनामा कंपनीने जड अंतःकरणाने स्वीकारला आहे. मामा, मी राजीनामा दिलाच नव्हता, मी भाव करत होतो. पण हे कुणाला समजावू? बायकोने, कुणालीने, पगारवाढीचे पेढे आळीत आधीच वाटून टाकलेत. आता ती ताट ठेवते आणि निघून जाते. खरं सांगतो, फार खचलोय.

काल आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडायची थांबली आणि म्हणाली, ‘येड्या, हाक गिऱ्हाईक नाय मारत रे. आमच्या दादाचाच माणूस, चांगो, असतो गर्दीत, तो हात धरून मागं आणतो.’ हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. तुम्हाला हाक मारून परत आणणाऱ्या चांगोला मी इतकी वर्षं बाजारातला कुणी भला माणूस समजत होतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
दिपेश

ता.क. चांगोला सोमवारी पाठवता का? साहेब जेवून येताना त्याने मला हाताला धरून त्यांच्यापुढे न्यायचं आणि ‘दोघंही थोडं थोडं सोडा’ म्हणायचं. वाढ नको, जुन्याच पगारावर जमलं तरी चालेल.

ता.क. २ आत्ता लक्षात आलं, कार्डाशिवाय चांगोला गेटच्या आत घेणार नाहीत. मलाही नाही. तरी पाठवा. गेटबाहेर एकट्याने उभं राहायला लाज वाटते.