डावा अंगठा

अहमदपूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय गौतमी,

परवा तुझा फोन आला आणि मी नेहमीसारखी इकडचंतिकडचं बोलून मोकळी झाले. तू दोन प्रश्न विचारले होतेस. संस्थेचा आदेश हातात आलाय, तर आईच्या जागेवर ग्रंथालयात रुजू होऊ का, हा पहिला. दुसरा तू उन्हाळ्यापासून दर फोनला विचारतेस. आई तशी नव्हती, मग त्या दिवशी ती हजेरीच्या मशीनला अंगठा लावून, कुणाला न सांगता पाण्याला का निघून गेली? त्यावर मी दर वेळी 'काय की बाई' म्हणते आणि नांदेडला थंडी पडली का ते विचारते. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून आज दार लावून लिहायला बसले. माझी जीभ तिखट आहे हे तू लहानपणापासून जाणतेस. पण खरं बोलायची वेळ आली की माझीच दातखीळ बसते, हे तुला ठाऊक नसेल.

आधी ग्रंथालयाची खबरबात सांगते, कारण आलीस तर हेच तुझ्या वाट्याला येणार. तुमच्या बी.लिब.च्या वर्गात अजून कार्डं भरायला शिकवत असतील, पण इथली कार्डं गेली. त्या लाकडी कपाटाच्या कप्प्यांत आपला शिपाई केरबा आता स्क्रू, सुतळी आणि चहाचं सामान ठेवतो. साखर कुठाय विचारलं तर 'स'च्या कप्प्यात बघा म्हणतो. पुस्तकांना बारकोड चिकटवून राहिलोय. त्या पट्टीवर कॉलेजचं नाव आणि खाली 'जि. लातूर' छापलेलं असतं. उदगीर जिल्हा होणार, आपलं अहमदपूर त्यात जाणार अशी बोलवा उठली की प्राचार्य छपाई थांबवतात, बोलवा विरली की पुन्हा सुरू करतात. त्यामुळे कादंबऱ्या सगळ्या लातूर जिल्ह्यात आहेत, आणि वाणिज्य शाखा अजून कुठेच नाही. ग्रंथपाल सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलेली नाही, कारभार माझ्या गळ्यात आहे. म्हणजे बाहेरच्या दालनात मी, केरबा आणि तू. पूर्वी तिथं मी, केरबा आणि पारू होतो.

हजेरीचं मशीन आलं ते गेल्या वर्षी. तोवर मस्टरवर सही असायची, आणि तुझ्या आईची सही आमच्या सगळ्यांत देखणी. 'पारूबाई' लिहून खाली एक रेघ मारायची आणि पेन टोपण लावूनच परत द्यायची. मशीन भिंतीवर लागलं त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या मायनं जल्मभर अंगठा लावला. मी सही शिकले. अन् आता कालेजातच अंगठा लाव म्हनून राहिलेत व्हय?" स्टाफरूमपर्यंत हशा गेला. डॉक्टरेटवाले सरसुद्धा हसत हसत अंगठा पुढे करून रांगेत उभे होते. मीही हसले. ती मात्र हसत नव्हती, हे आज आठवतं.

नोंदणीचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण संगणक मला येतो असा सगळ्यांचा समज आहे. प्रत्येकाच्या नावावर दोन अंगठे घ्यायचे, म्हणजे एकाला कापलं-भाजलं तर दुसरा चालावा. पारूचे दोन्ही घेतले. महिना-दोन महिने ठीक चाललं आणि मग दुष्काळानं गळा धरला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तोच हा उन्हाळा. तुम्हा नांदेडकरांना गोदावरीचा आधार, तुम्हाला काय कळायचं, असं मी तुला चिडवायची. इकडे तुमच्या वस्तीतल्या विहिरीत पाणी इतकं खोल गेलं की दोर ओढून ओढून पारूच्या अंगठ्यांची सालं निघाली. मशीन तिला ओळखेना. 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. ती पदरानं अंगठा पुसायची, पुन्हा लावायची, आणि ते बाईच्या आवाजात पुन्हा तेच. "ही बया रोज नव्यानं वळख इचारती," म्हणायची. कामाला वेळेवर यायची आणि कागदावर गैरहजर पडायची. विहीर आटली तेव्हा टँकरची पाळी लागली, ती नेमकी कॉलेजच्या वेळेत. मग मी एक तोड काढली. डोकं माझंच, गौतमी. केरबाचं नाही, तुझ्या आईचं तर मुळीच नाही. तिच्या नावावरचा एक झिजलेला अंगठा मी काढून टाकला, माझ्या नावावरचा डावाही काढला आणि तो तिच्या नावावर नोंदवला.

म्हणजे सकाळी मी आले की उजवा अंगठा लावायचा, मी हजर. मागोमाग डावा लावायचा, पारू हजर. ती टँकर गाठून, भांडी भरून घरी ठेवून यायची आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून कपाटं लावून भरपाई करायची. कामात तिनं कधी कुणाला फसवलं नाही. पहिल्या दिवशी ती घाबरली होती. "बाई, तुमच्यावर येईल," म्हणाली. मी म्हटलं, येऊ दे, माझा डावा हात तसाही रिकामाच असतो. त्या दिवसांत मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. घरी जेवताना वाटायचं की आपण माणुसकी राखून आहोत.

आता त्या दिवसाकडे येते. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी गावात बंद होता. दुकानं बंद, रस्ते सुने, त्यामुळे टँकर वस्तीत शिरलाच नाही, मोंढ्याच्या नाक्यावरच उभा राहिला. पारूनं आदल्या दिवशी निघताना सांगितलं होतं, "उद्या उशीर झाला तर बघा बाई." मी कॉलेजात आले आणि उजवा लावला, डावा लावला. मशीन दोन्ही वेळा 'थँक यू' म्हणालं. थोड्या वेळानं तुझा फोन आला. आई फोन उचलत नाही, काल तिचा आवाज बरा नव्हता, ती आली आहे का? ऑफिसातले शेषेराव माझ्या टेबलाशीच हजेरीचा कागद घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघत तुला म्हटलं, हाव, आली आहे ना, आत पुस्तकं लावून राहिली, सांगते तिला. तू 'बरं झालं' म्हणालीस. तो तुझा सुटकेचा श्वास अजून माझ्या कानात आहे.

ती आत नव्हती. ती त्या दिवशी कॉलेजात आलीच नव्हती. मोंढ्याच्या नाक्यावर, एका बंद दुकानाच्या शटरला टेकून, भरलेली घागर कडेला ठेवून ती बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई दम खाऊन राहिली. दुपारी केरबा जेवायला घरी निघाला तेव्हा त्याला ती दिसली, तोवर तिची शुद्ध गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, तासभर आधी आणायला हवं होतं. तो तास माझ्याकडे होता, गौतमी. ती अजून आलेली नाही एवढंच मी तुला म्हटलं असतं, तर तू शेजारच्या केवळाबाईंना फोन केला असतास आणि त्या तडक नाक्यावर गेल्या असत्या. मी माझी लाज राखली आणि तुझी आई गेली. ऊन लागलं ते लागलंच असतं, असं मी मनाला कितीदा सांगून पाहिलं. पटत नाही.

त्यापुढचं तर मी बसून, पंख्याखाली, शुद्धीत केलं. चौकशी झाली. मशीनच्या कागदावर ती हजर, आणि सापडली नाक्यावर. म्हणून अहवालात लिहिलं गेलं की सदर कर्मचारी हजेरी नोंदवून परवानगीविना बाहेर गेल्या. शेषेराव सगळ्यांसमोर म्हणाले, "हे असंच असतंय बगा, अंगठा लावतेत अन् पळतेत." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला दुःख झालंय. केरबा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं, पण त्याचीही नोकरी होती आणि मी त्याची साहेब होते. तू गावी आलीस तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस की आईनं असं करायला नको होतं, मावशी. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. डावाच हात होता तो.

प्राचार्यांनी मला पारूचं नाव मशीनमधून काढायला सांगितलंय. रोज उद्यावर ढकलते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सवयीनं माझा डावा अंगठा काचेवर गेला. पडद्यावर 'पारूबाई' आलं, आणि ती बया म्हणाली, 'थँक यू'. मी तिथेच जमिनीवर बसले. केरबानं पाणी आणून दिलं.

पाण्यावरून, जे कुणालाच माहीत नाही तेही लिहून टाकते. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या बोअरला सकाळी थोडा वेळ का होईना, पाणी येत होतं. तुमच्या वस्तीपासून आमचं घर नाक्यापेक्षा जवळ. पारू रोज टँकरमागं धावते हे मला माहीत होतं, आणि एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की पारू, दोन घागरी आमच्याकडून ने. घर एकत्र आहे, थोरले दीर शंकरप्पा काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल, आमच्या अंगणात कोण पाणी भरतंय हे कुणीतरी विचारेल. खरं सांगू? मी दिरांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित ते हो म्हणाले असते. तिनंही कधी मागितलं नाही. एवढी वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, पण ते कॉलेजात. अंगठा देणं सोपं होतं, त्यात माझ्या घराचं दार उघडावं लागत नव्हतं.

उद्या सकाळी हे पत्र पोस्टात टाकणार आणि तशीच प्राचार्यांकडे जाऊन लेखी जबाब देणार, की पारूबाई त्या दिवशी कॉलेजात आल्या नव्हत्या, त्या हजेरी लावून पळाल्या नाहीत, अंगठा माझा होता. अहवालातलं ते वाक्य खोडलं गेलंच पाहिजे, हे मी शेषेरावांच्या समोर म्हणणार आहे. माझं काय व्हायचं ते होवो, निलंबन झालं तर घरी बसेन. जबाब आधी देऊन तुला मागून कळवता आलं असतं. पण तुझ्या आईची बदनामी मी तुझ्या तोंडून ऐकून घेतली, तर ती धुतली जाण्याआधी खरं तुलाच लिहायला हवं. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ये, गौतमी. नोकरी तुझ्या आईची आहे, माझी मेहेरबानी नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, कदाचित मी तिथं नसेनही. पहिल्या दिवशी मशीन तुझे दोन अंगठे मागेल. कुणी कितीही मायेनं पुढे आलं, तरी दोन्ही तुझेच दे.

तुझीच म्हणवून घ्यायला आज जीभ रेटत नाही,
शिवगंगा मावशी