सहा कोनांच्या इमारतीत

कोलंबस, इंडियाना
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय सुमेधा,

सप्रेम जयभीम. प्रकृती ठीक आहे, शीला वेळेवर जेवू घालते. डोकं मात्र ठिकाणावर नाही.

आपली लेक इंजिनिअर म्हणून नोकरी करते ते हे गाव आपल्या कामठीएवढंही नसेल, पण इमारती अशा, की बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूसही चक्रावून जावा. काल शनिवारी शीलाने गाव दाखवायचं ठरवलं. पीटर नावाचा एक उंच, चष्मेवाला तरुण गाडी घेऊन दारात आला. मला वाटलं, पाहुण्यांना गाव दाखवणारा गाईड. त्याने आधी विटांच्या एका चौकोनी इमारतीपुढे गाडी थांबवली. शेजारी घड्याळाचा सरळसोट मनोरा. मी म्हटलं, कचेरी छान आहे. ते चर्च निघालं! पुढे काचेच्या भिंतींचं एक बुटकं घर लागलं, छपरावर पालथ्या वाट्यांसारखे घुमट. हे तरी प्रार्थनेचं ठिकाण असेल म्हटलं, तर ती बँक. शीला पोट धरून हसली. पीटर म्हणाला, "मी इथे नवा आलो तेव्हा माझंही असंच झालं होतं."

मला तो आवडला. बांधकामातलं काही विचारलं आणि येत नसलं, तर सरळ "माहीत नाही" म्हणायचा. मीही मोकळेपणाने चौकशी केली, घरी कोण कोण, लग्न झालं का. तुझे आईवडील भाग्यवान, असंही म्हणालो. तो लाजून लाल झाला आणि शीला खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, या देशात असं विचारत नसतील.

दुपारी त्याने सहा कोनांच्या एका चर्चमध्ये नेलं. छपरातून सुईसारखा मनोरा वर गेलेला. आत मधोमध टेबल, चहूबाजूंनी बाकं, उजेड वरून येणारा. मानाची जागा कुठली तेच कळेना. मी मान वर करून बघत होतो, तेवढ्यात शीला म्हणाली, "बाबा, पीटर गाईड नाही. माझ्यासोबत काम करतो. आम्हाला लग्न करायचंय."

मी वरच बघत राहिलो. राग आला, पण कुणाचा ते सापडेना. "इथे, चर्चमध्ये?" एवढंच सुचलं. ती म्हणाली, "नाही बाबा, नागपूरला, आपल्या पद्धतीने. तो तयार आहे." हात आधी मी पुढे केला की त्याने, आठवत नाही. पण त्याचा हात माझ्या हातात होता.

परवा धम्मदीक्षेला तीस वर्षं होतील. तेव्हा मी माझ्या वडिलांना न विचारता गेलो होतो, आणि ते वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. शीलाने निदान विचारलं तरी. मी तिला ना हो म्हटलं, ना नाही. "तुझ्या आईला लिहितो," म्हणालो. शेजाऱ्यांच्या फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. तुझ्या मनात काय येतं ते लिही, रागावली असलीस तर तेही लिही. माझं मला काही उमगत नाही. एवढंच कळतं, की तो कोण हे ठाऊक नव्हतं तेव्हा मुलगा मला आवडला होता. आता तो आवडला नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
भानुदास