उल्काचं चित्र, गणपतीच्या आत

१२ जुलै, शनिवार
उल्काला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतोय म्हणे. मधलं दिसणं आधी जाणार, कडेचं राहणार. इंजेक्शनं देऊ, पण त्याने वेग कमी होईल इतकंच. जे बघायचंय ते बघून घ्या, असंही म्हणाले. या डॉक्टर लोकांना बोलायची पद्धत नाही.
परतताना रिक्षा केली. नळस्टॉपच्या सिग्नलला म्हणाली, अहो, साखरपुडा झाला तेव्हा माझं चित्र काढून देतो म्हणाला होतात. तेवढं बघायचंय. तुम्हाला मी कशी दिसते ते.
म्हटलं, गणपतीच्या आत देतो. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला मला बी ग्रेड होती. स्टिल लाइफमधला तांब्या तिरका आला, नाहीतर ए ठरलेली.

१३ जुलै
संकल्प: रोज सकाळी स्केचिंग.
उल्काने लगेच ड्रॉइंगची वही आणि पेन्सिल आणली. बिचारी. आता कागदावर कोण काढतं? सगळं डिजिटल. चुकलं की अन्डू. शाळेत अन्डू असता तर तांब्या सरळ झाला असता.
तेव्हा ड्रॉइंग टॅब्लेट घ्यायचा. बजेटमधला. पण अभ्यास करून.

२० जुलै
रिव्ह्यू बघतोय. टॅब्लेट दोन प्रकारचे. एक स्क्रीनवाला, महाग. दुसरा नुसती काळी पाटी. हात पाटीवर, डोळे लॅपटॉपवर. आपल्याला पाटीच परवडणार.
स्वरालीचा खराडीहून, ऑफिसमधून फोन. म्हणाली, बाबा, कुठलाही घ्या, शिकायला सगळे सारखेच. आयटीत असून मुलीला अभ्यासाची आवड नाही. आईवर गेली.
ड्रॉइंगच्या वहीत तक्ता आखला. पेनचं प्रेशर, पाटीचा आकार, जादा निबा, वॉरंटी. पेन्सिल झकास चालते. उल्काने विचारलं, माझं नाक काढताय का. म्हटलं, वॉरंटी.

९ ऑगस्ट
तक्ते वाढत चाललेत. निर्णय जवळपास झालाय. पण पंधरा ऑगस्टचा सेल तोंडावर असताना घेणारा माणूस मूर्ख.
उल्काने आज चहा कपाच्या बाहेर ओतला. लक्ष नसतं हिचं. पेपरही मलाच मोठ्याने वाचायला लावते. आळस.

१८ ऑगस्ट
सेल संपला. हवा तो स्टॉकमध्ये नव्हता. दुसरा होता, पण एकाने लिहिलं होतं की त्याचं पेन हातात हलकं लागतं. घाई माझ्या स्वभावात नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
गणपती आले. चित्र नाही. उल्का काही बोलली नाही, हे एक बरं.
मोदकाच्या कळ्या नुसत्या बोटांनी चाचपून पाडत होती, मान वळवून खिडकीकडे. कळ्या सुरेख. म्हणजे दिसतंय व्यवस्थित. डॉक्टर उगाच घाबरवतात.
नवी मुदत: दसरा.

१० सप्टेंबर
टॅब्लेट आला! पण नेमका पितृपक्षात. नवी वस्तू कशी उघडणार? मी मानत नाही असलं काही. पण इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, कशाला रिस्क.
उल्का म्हणाली, माझे डोळे पितृपक्ष पाळत नाहीत हो. हिचं बोलणं लग्नापासून असंच. खोका कपाटात ठेवला.

२२ सप्टेंबर
पितृपक्ष संपला. खोका बाहेर काढला. फोडणार, इतक्यात आठवलं की खंडेनवमी आठवड्यावर आलीय. कलावंताचं हत्यार पूजेशिवाय हातात घ्यायचं? खोका परत कपाटात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर मांडणी केली. सुरी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि मधोमध टॅब्लेट. शोभा आली. हळदकुंकू वाहायला उल्काला बोलावलं. पेनावर लाव म्हटलं. तर हिने कुंकवाचं ओलं बोट नेमकं केबल लावायच्या भोकात घातलं! वर पंचपात्रीतलं पाणी. म्हटलं, दिसत नाही का? नाही म्हणाली.
सणासुदीला वाद नको म्हणून मी विषय वाढवला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
टॅब्लेट चालू होत नाही. वॉरंटीचे नियम मी वहीत अक्षरशः उतरवून घेतले होते, त्यात कुंकवाचा उल्लेख नव्हता. तरी कंपनी नाही म्हणाली.
रियाजभाईंच्या रिपेअरच्या दुकानात टाकला. म्हणाले, काका, चहा सांडलेले रोज येतात, कुंकवाचा हा पहिलाच. पार्ट मागवावा लागेल. दिवाळीनंतर या.
सगळे प्रयत्न करूनही माणूस काय करणार?

२५ ऑक्टोबर
आला दुरुस्त होऊन. लॅपटॉपमध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर, टाकला. मग कळलं की ड्रायव्हर दुसऱ्याच मॉडेलचा. तो काढला. बरोबरचा टाकला. आता पेन वर नेलं की रेघ खाली जाते, उजवीकडे नेलं की डावीकडे. दिवसभर झगडलो. शेवटी कंपनीला खरमरीत रिव्ह्यू लिहिला, पुणेरी.
संध्याकाळी स्वराली व्हिडिओवर म्हणाली, बाबा, पाटी उलटी ठेवलीय तुम्ही.
रिव्ह्यू आता काढता येत नाहीये.

३० ऑक्टोबर
सराव म्हणून तांब्या काढला. तिरका. अन्डू. पुन्हा तिरका. अन्डू. दुपार गेली. टॅब्लेटमध्येच दोष असावा.

८ नोव्हेंबर
आज उल्काला समोर बसवलं. केस विंचरून, पावडर लावून आली होती. पण मॉडेल म्हणून शून्य. मान सारखी वाकडी, नजर माझ्या कानापलीकडे. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हटलं की सरळ बघ, माझ्याकडे.
म्हणाली, सरळ बघितलं की तुम्ही दिसत नाही. तिथे नुसता डाग असतो. असं कडेने बघितलं की थोडे दिसता.
पेन खाली ठेवलं. इथे कोण वाचतंय, लिहायला हरकत नाही: मला फार भीती वाटली. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी.
स्क्रीनवरच्या कोऱ्या लेयरला 'उल्का १' असं नाव दिलं. तेवढं काम झालं.

९ नोव्हेंबर
टॅब्लेट मरू दे, पेन्सिलने काढू, आत्ताच, असं ठरवून वही उघडली. एक पान कोरं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्ते. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलासुद्धा निबांची तुलना.
उल्का विचारत होती, काय शोधताय. काही नाही म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
चित्र झालं! नाक जरासं तांब्यासारखं आलंय, पण डोळे साधले. सरळ बघणारे काढलेत, पूर्वी बघायची तसे.
उल्काला हाक मारली. भिंतीला हात लावत आली. पदराला हात पुसून लॅपटॉपसमोर बसली. निकालाच्या वेळी मला तिथे बघवत नाही, म्हणून मी खिडकीपाशी उभा. मागे खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, छान झालंय हो. अगदी मीच.
वळलो. स्क्रीन काळी. लॅपटॉप कधीच झोपी गेला होता. ती त्या काळ्या काचेकडे बघून हसत होती.
 तिने विचारलं, साडी कुठली काढलीत. साखरपुड्याची, म्हटलं. म्हणाली, हिरवी, राणी काठाची, आठवली तुम्हाला? हो म्हटलं.
चित्रात निळी आहे. हिरवी करायला हवी. डिजिटलमध्ये एका मिनिटाचं काम. उद्या करतो.