नाताळच्या अंकातलं निनावी भूत

लंडन, १४ जुलै १८५८
नदीचा वास असह्य झालाय. खिडकीला चुन्याच्या पाण्यात भिजवलेली चादर टांगली, तरी नाकाला रुमाल धरूनच बसते. आणि लिहितेय काय — तर बर्फ! नाताळच्या अंकासाठी भुतं जुलैतच उठवावी लागतात. संपादकांची ताकीद आलीच आहे: भूत चालेल, पण शेवटी सगळे शेकोटीभोवती हसताना दिसले पाहिजेत. लेखकाचं नाव नेहमीप्रमाणे कुणाचंच छापायचं नाही.

१९ जुलै
घरमालकीण मिसेस ओड्जर चहा घेऊन वर आल्या. "दिवसभर कुणाशी पुटपुटता हो?" म्हटलं, भुताशी. "मग त्याला सांगा, जिना चढताना पाय पुसत जा म्हणावं." अख्ख्या दिवसात माणसाशी झालेलं बोलणं एवढंच.

२ ऑगस्ट
ठरलं. डोर्कससाठीच लिहायचं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या या थोरल्या बहिणीची मुलगी फीबी तापाने गेली. सहा वर्षांची पोर. आणि मी काय केलं? पुढच्याच नाताळच्या अंकात तिचं भूत करून टाकलं — तिचे लाल हातमोजे, तिचं ते 'मला पण आत घ्या ना', सगळं जसंच्या तसं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी भावोजींनी रिवाजाप्रमाणे अंक सगळ्यांना वाचून दाखवायला घेतला. मीही तिथेच बसलेली. गोष्टीवर नाव नव्हतं, पण डोर्कसने अर्ध्या पानातच ओळखलं. "माझं लेकरू विकलंस तू," म्हणाली. बस. नंतर एक अक्षर नाही. मी चार पत्रं पाठवली, चारही न फोडता परत आली. मग पत्रं लिहायचं सोडलं.

पण अंक ती अजून घेते, हे मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी गोष्टीत मेलेली मीच आहे. बहिणीच्या दाराशी उभी राहून माफी मागते. डोर्कस माझी वाक्यं ओळखेल. ओळखेलच.

११ सप्टेंबर
गोष्ट पाठवली. आता वाट बघायची.

५ डिसेंबर
अंक आला. माझी गोष्ट त्यात नाही. संपादकांची दोन ओळींची चिठ्ठी: 'फार उदास. घरातल्यांसमोर वाचता येणार नाही.' माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणाची तरी दोन बहिणींचीच, माफी मागणाऱ्या भुताची गोष्ट छापलीय. तीन वेळा वाचली. माझ्यापेक्षा चांगली आहे, हेच जास्त लागलं. जेवले नाही.

२० डिसेंबर
डोर्कसचं पत्र! 'दोन बहिणींची गोष्ट वाचली. समजले. चोवीसला रोचेस्टरला ये, तुझी खोली तयार ठेवते.'

तिला ती माझी वाटली. अकरा वर्षांनी दार उघडलं, तेही परक्या बाईच्या — की बुवाच्या? — शब्दांनी.

२२ डिसेंबर
सांगितलं, तर दार पुन्हा बंद. न सांगावं, तर आधी तिचं दुःख उचललं, आता दुसऱ्याचा पश्चात्ताप उचलला असं होईल. मिसेस ओड्जरना विचारलं. "जेवायला भाजलेलं बदक आहे ना? मग तोंड खायलाच उघडा."

बाईंना काय जातंय सांगायला. मला घरी जायचंय.

२४ डिसेंबर, रोचेस्टर
डोर्कसचे केस पांढरे झालेत. तिने मला शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं. भावोजींनी तीच गोष्ट वाचली. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी मान खाली घालून बसले. खरं सांगितलं नाही. भित्री आहे मी.

२५ डिसेंबर
सकाळी पुडिंग उकळत असताना तिला सांगून टाकलं — ती गोष्ट माझी नाही. डोर्कसने पातेल्यावर झाकण ठेवलं. "ते मला पहिल्याच पानावर कळलं, सेली. तुझं भूत इतकं कमी बोलतं होय? पण तुला बोलवायला निमित्त मिळालं." मग म्हणाली, "पाचवं पत्र आलं की फोडायचं, असं ठरवून बसले होते. तू पाठवलंच नाहीस."