छातीवरचा स्टिकर

१४ जुलै २०२४, रविवार

गेले एकदाची. अलिबागला, हेमालीच्या त्या ग्रुपच्या मीटिंगला. दोन महिने मागे लागली होती – एकदा ये, नुसती बस, कोणी खात नाही तुला. रविवारची खानावळ आईच्या गळ्यात टाकून गेले. आईने कुठे चाललात विचारलंसुद्धा नाही.

एका क्लासची वरची खोली, दहा-बारा माणसं. सलिल म्हणून श्रीवर्धनचा एक जण सगळं चालवतो. घरची सुपारीची बाग आहे, बोलतो छान, जरा जास्तच छान. दारातच त्याने स्टिकर आणि पेन हातात दिलं. वर नाव लिहायचं, खाली आपण कोण ते, आणि छातीवर लावायचं. हेमालीने झरकन लिहिलं – लेस्बियन. लावताना चेहरा असा, जणू शाळेत बिल्ला मिळालाय.

मी पेन धरून उभी. मागे माणसं खोळंबलेली. सलिलने चार-पाच शब्द सांगितले, एकही माझा वाटेना. मला बायका आवडतात का? ठाऊक नाही. मला हेमाली आवडते. मग तो हळूच म्हणाला, अलाय लिहिलंस तरी चालेल. अलाय म्हणजे त्यांच्यातली नाही, पण त्यांच्या बाजूची. लिहून टाकलं. सुटले म्हटलं.

हेमालीने ते वाचलं. रेवदंड्याला घरी येईपर्यंत रिक्षात पाठ करून बसली.

१५ जुलै

भांडण. "अडीच वर्षं एका गादीवर झोपतोय आपण, आणि तू माझ्या *बाजूची*?" मला हसू आलं. तिथेच माती खाल्ली.

मी म्हटलं, मला कुठला शब्द बसतच नाही तर काय खोटं लिहू? ती म्हणाली, "शब्द नको होता तर 'हेमालीची' लिहायचंस. मला चाललं असतं."

हे मला सुचलंच नाही. खरंच सुचलं नाही.

१८ जुलै

ग्रुपवर सकाळपासून जुंपली आहे. कोण कशात मोडतं यावर. कोणीतरी हेमालीला विचारलं, तुझा एका मुलाशी साखरपुडा झाला होता ना, मग 'बाय' लिही, दोन्ही आवडणारी. मी हेमालीला लगेच सुनावलं – बघ तुझी माणसं. इथेही जात विचारतात.

"विचारतात तरी. तुझ्या घरात मी कोण आहे?"

पेइंग गेस्ट. आईला तेच सांगितलंय. बाबांना इंजेक्शन द्यायला यायची, बाबा गेले आणि ती राहिली. वरची खोली भाड्याने दिली म्हटलं. आईला बीपी आहे. गावात माझ्या भावाचे, दिपेशचे टेम्पो फिरतात, माणसांचं येणं-जाणं आहे. त्याचं नाव आहे.

शेवटी ग्रुपवर विश्वंभरकाकांनी लिहिलं. एसटीतून रिटायर झालेला माणूस, मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसला होता. "आमच्या वेळी शब्द नव्हते, शिव्या होत्या. मला 'गे' हा शब्द साठीत मिळाला. ज्याला सांगायचा तो माणूस तोवर गेला होता." थोड्या वेळाने पुन्हा जुंपली.

२८ जुलै

हेमाली म्हणते, आईंना सांग. हवा तो शब्द वापर, नाहीतर बिनशब्दाचं सांग, पण सांग. मी म्हटलं गणपती होऊ देत. दिपेशचं लग्न मेमध्येच झालंय, अमिषा घरात नवी आहे, आत्ताच तमाशा कशाला. "तुझे गणपती दरवर्षी येतात, मृणाली," म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

४ ऑगस्ट

गेली. पनवेलच्या कुठल्याशा हॉस्पिटलात नोकरी धरली आहे. आईला मी सांगितलं, बदली झाली. खासगी हॉस्पिटलात कसली बदली! आईने डबाभर सुकट बांधून दिली. हेमाली तिच्या पाया पडली, आणि आईने तिच्या पाठीवरचा हात बराच वेळ काढला नाही.

मी रिक्षा बघायला बाहेर गेले.

११ ऑगस्ट

नंबर बंद केला तिने. नवा घेतला असेल.

२० ऑगस्ट

सलिलला फोन केला. "बरी आहे ती. नंबर कोणालाही देऊ नको म्हणाली." कोणालाही म्हणजे मला. मी म्हटलं, पुढच्या मीटिंगला येते, सगळ्यांसमोर लिहिते, सांग कुठला शब्द लिहू. तो म्हणाला, "ताई, ती आता मीटिंगलाही येत नाही."

आरशासमोर उभी राहून सगळे शब्द म्हणून बघितले. मोठ्याने. एकही तोंडात बसत नाही. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं, जाऊन मासे वाढले.

वरच्या खोलीत झोपवत नाही. खालीच पडते. आता असंच, पुढेही असंच.

२ सप्टेंबर

गौरीची तयारी. अमिषाचा पहिला ओवसा यंदा. नव्या सुनेने गौरीपुढे भरलेली सुपं ओवसायची, घरातल्या मोठ्यांना द्यायची, की ती घरची झाली. पण गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच पहिला ओवसा होतो, नाहीतर पुढच्या वर्षावर जातो. यंदा आहे. अमिषाचं नशीब.

आईने चौलच्या बुरडाकडे दहा सुपं सांगितली. लागतात पाच. विचारलं तर म्हणे, "लागतील." म्हातारपण. मी वाद घातला नाही.

"हेमा कंदी येतंय?" रोजचं झालंय हे. सुट्टी नाही म्हटलं. "गौरीला पन न्हाय? कसलं मेलं हॉस्पिटल."

मी कांदे चिरायला घेतले.

१० सप्टेंबर

गौर आली. अमिषाची पाच सुपं भरून झाली, तशी आईने उरलेली पाच पुढ्यात ओढली. खण, नारळ, काकडी. एकेकाला दोरा गुंडाळला. ही कोणाची गं, मी विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेमाची. पयल्या वर्षी तुझा बाप गेला, सन पालला न्हाय. गेल्या वर्षी गौर पूर्वात न्हाय आली. यंदा योग आलाय. फोन कर तिला. दोन्ही सुना एकदम ओवसतील."

जुनाच नंबर लावतेय. दुसरा नाही माझ्याकडे. आई आतून विचारतेय, निघाली का ती.